रंग आधी पॅलेटवर, मग कॅनव्हासवर : तैलचित्रासाठी रंग ठरवून, मिसळून ठेवण्याची पद्धत

तैलरंगात नव्याने काम करणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. ड्रॉइंग बरं जमतं, सुरुवातही छान होते, पण चित्र अर्ध्यावर आलं की रंग मातकट होतात, उजेड नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं आणि सावलीची बाजू दुरुस्त करायला जावं तर उजेडाची बाजू बिघडते. यात हात कच्चा असण्याचा भाग कमी असतो. ब्रश हातात धरल्यावर आपण एकाच क्षणी तीन गोष्टी ठरवायला बघतो: रंग कोणता, तो किती गडद आणि तो कुठे, कसा लावायचा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कॅनव्हासला हात लावण्याआधी पॅलेटवर, म्हणजे रंग मिसळायच्या पाटीवर, शांतपणे ठरवता येतात. रंगांचे ढीग आधी मिसळून, समोर मांडून मगच काम सुरू करायचं, एवढीच ही पद्धत. ती कंटाळवाणी वाटते म्हणून बरेच जण टाळतात. मला मात्र वाटतं की चित्राचा अर्धा विचार इथेच होतो.

तैलरंगात हे शक्य होतं ते त्याच्या वाळण्याच्या रीतीमुळे. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि रंग वाळतो, ॲक्रिलिकचंही मुख्यतः तसंच. ट्यूबमधल्या तैलरंगात उडून जाण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं आणि त्याला काही दिवस लागतात. त्यामुळे सकाळी मिसळलेला ढीग संध्याकाळी तर वापरता येतोच, बरेचसे रंग दुसऱ्या दिवशीही मऊ असतात. शिवाय ओला आणि वाळलेला तैलरंग दिसायला फारसा वेगळा नसतो. जलरंग वाळल्यावर फिका होतो, ॲक्रिलिक थोडं गडद होतं. तैलरंगात पॅलेटवर दिसतो तोच रंग कॅनव्हासवर उतरतो, म्हणून पॅलेटवर घेतलेल्या निर्णयावर विसंबता येतं.

व्हिसलरची शिस्त

जेम्स मॅकनील व्हिसलर हा जन्माने अमेरिकन, पण आयुष्याचा मोठा काळ लंडनमध्ये काढलेला चित्रकार. १८७०च्या दशकात त्याने थेम्स नदीची रात्रीची चित्रं केली, ‘नॉक्टर्न’ नावाने ओळखली जाणारी. रात्री नदीकाठी उभं राहून तो दृश्य डोळ्यांत साठवायचा आणि चित्र नंतर स्टुडिओत रंगवायचा. त्यासाठी तो रंग आधीच भरपूर प्रमाणात मिसळून, खूप पातळ करून ठेवत असे. या पातळ रंगाला तो ‘सॉस’ म्हणायचा. रंग इतका पातळ असे की ओघळू नये म्हणून कधी कधी कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवावा लागे. ही चित्रं नीट पाहिली तर कारण लगेच कळतं. आकाश, पाणी आणि पलीकडचा काठ हे सगळं अगदी जवळच्या दोन-तीन टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्यांमध्ये, आहे. रुंद ब्रशने एका ओढीत नदी रंगवायची आणि मध्येच रंग संपला म्हणून नवा मिसळायचा, असं इथे चालणारच नाही. नवा रंग केसभर जरी वेगळा निघाला तरी रात्र भंगते.

पुढे १८९८ मध्ये पॅरिसला त्याच्या पूर्वीच्या मॉडेलने, कार्मेन रोसीने, एक चित्रशाळा काढली आणि व्हिसलर तिथे शिकवायला जाऊ लागला. १९०१ मध्ये ती बंद झाली. तिथे तो विद्यार्थ्यांच्या कॅनव्हासपेक्षा पॅलेटकडे अधिक लक्ष द्यायचा. रंगांच्या जागाही ठरलेल्या असत. वर मधोमध भरपूर पांढरा. त्याच्या डावीकडे यलो ऑकर, रॉ सिएना, रॉ अंबर, कोबाल्ट आणि मिनरल ब्लू. उजवीकडे व्हर्मिलियन, व्हेनिशियन रेड, इंडियन रेड आणि काळा. मग या रंगांतून मॉडेलच्या त्वचेचे टोन उजळ टोकापासून काळ्यापर्यंत पायरीपायरीने मिसळायचे, पार्श्वभूमीचे टोनही तसेच, आणि मगच रंगवायला सुरुवात करायची. सगळ्या विद्यार्थ्यांना हे रुचलं नाही. पण या शिस्तीमागची समज पक्की आहे. ढीग शेजारी शेजारी मांडले की चित्रातले रंगसंबंध चित्र सुरू होण्याआधीच डोळ्यांसमोर येतात. दोन रंग एकमेकांशी भांडत असतील तर ते तिथेच दिसतं, आणि पॅलेटवर दुरुस्ती करायला एक सुरी, म्हणजे रंग मिसळायचा पॅलेट नाइफ, पुरते.

पांढऱ्याच्या पलीकडे काही नसतं

आधी ठरवण्याची गरज नेमकी कुठून येते? मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खिडकीतल्या उन्हात ठेवलेलं पितळेचं भांडं घ्या. त्यावरचा झळाळता ठिपका आणि टेबलाखालचा अंधार यांच्या उजेडात हजारो पटींचा फरक असू शकतो. आपल्या हातात काय असतं? टायटॅनियम व्हाइट स्वतःवर पडलेल्या उजेडापैकी साधारण ९० टक्के परत पाठवतो आणि काळा रंग चार-पाच टक्के. म्हणजे आपला सगळा पल्ला वीस-पंचवीस पटींचा. समोरचं दृश्य या पल्ल्यात जसंच्या तसं मावत नाही. ते दाबून, नव्याने वाटून बसवावं लागतं. भिंत चुन्याने रंगवलेली आहे म्हणून ती शुद्ध पांढऱ्याने रंगवली, तर भांड्यावरच्या चमकेसाठी वर जागाच उरत नाही. रंगवता रंगवता जो उजेडाच्या मागे धावतो तो पहिल्या अर्ध्या तासातच सगळा पांढरा खर्च करून बसतो. कोणत्या भागाला किती उजेड द्यायचा, ही वाटणी आधी करावी लागते आणि मिसळलेले ढीग म्हणजे ती वाटणी प्रत्यक्ष रंगात उतरवलेली.

आता शब्दांबद्दल. बोस्टनचा चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मन्सेल याने १९०५ मध्ये रंगाची तीन अंगांनी मांडणी केली. पहिलं अंग म्हणजे रंग कोणता: लाल, पिवळा, निळा वगैरे. दुसरं म्हणजे तो किती उजळ किंवा गडद आहे. आपल्याकडचे चित्रकार यालाच टोन म्हणतात. तिसरं अंग म्हणजे प्रखरता: तोच लाल मिरचीसारखा लखलखीत आहे की विटेसारखा दबलेला. मन्सेलच्या पट्टीत टोन ० पासून १० पर्यंत मोजतात, ० म्हणजे पूर्ण काळा आणि १० म्हणजे पूर्ण पांढरा. या पट्टीतला मधला करडा डोळ्यांना काळ्या-पांढऱ्याच्या अगदी मध्यावर वाटतो, पण प्रत्यक्षात तो सुमारे २० टक्केच उजेड परत पाठवतो. म्हणून अर्धा काळा आणि अर्धा पांढरा असं मापाने मिसळलं की मधला करडा मिळेल, हा हिशेब चुकतो. टोन मापून येत नाही, बघूनच ठरवावा लागतो.

तिन्हींत टोन आधी. टोन बरोबर असेल तर रंग थोडा इकडे तिकडे झाला तरी भांडं गोल दिसतं. टोन चुकला तर कितीही सुंदर रंग लावा, ते सपाट राहतं.

एक तांब्या, एक कापड, एक भिंत

एक साधं चित्र घेऊ. धुऊन धुऊन फिकट झालेल्या निळ्या कापडावर ठेवलेला पितळी तांब्या, डावीकडे खिडकी, मागे चुन्याची भिंत.

पहिलं काम रंगाचं नाही, पेन्सिलचं. पोस्टकार्डाहून लहान चौकटीत तीन-चार टोनमध्ये दृश्य मांडून बघा. डोळे किलकिले केले की बारकावे विरघळतात आणि मोठे भाग उरतात. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढणं सोपं आहे, पण कॅमेरा भडक लाल किंवा निळा रंग डोळ्यांना दिसतो त्याहून वेगळ्या टोनमध्ये उतरवू शकतो. डोळ्यांचं मत आधी घ्यावं, फोटोचं नंतर.

मी अशी वाटणी करेन. तांब्यावरची चमक ९ च्या वर. तांब्याची उजेडाची बाजू ७, मधला टोन ५, सावली ३, सर्वांत गडद प्रतिबिंबं १ ते २. भिंत ६. कापड उजेडात ४ आणि सावलीत २. भिंत प्रत्यक्षात याहून बरीच उजळ असेल. ती मुद्दाम खाली आणली आहे, कारण चित्र तांब्याचं आहे आणि पितळ भिंतीपुढे उजळून दिसायला हवं. भिंत ८ वर ठेवली तर चित्र भिंतीचं होईल. दोन्ही चित्रं होऊ शकतात, पण निवड रंगवायला बसण्याआधी व्हायला हवी.

ट्यूब सहाच पुरतात: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू. काळा घ्यायची गरज नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिळून जवळजवळ काळा होतो, आणि निळा वाढवला की तो थंड होतो, अंबर वाढवला की उबदार. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा कोड असतो, उदाहरणार्थ अल्ट्रामरीनसाठी पीबी २९, टायटॅनियम व्हाइटसाठी पीडब्ल्यू ६. शक्यतो एकच कोड असलेल्या ट्यूब घ्या. तीन द्रव्यं आधीच मिसळलेल्या ट्यूबमध्ये आणखी तीन द्रव्यं गेली की मातकटपणा आलाच.

आता पितळ. पिवळा हा रंग म्हणून सर्वांत नाजूक आहे, कारण तो प्रखर राहतो तो फक्त उजळ टोनमध्ये. गडद केला की पिवळेपण हरवतं आणि हिरवट किंवा तपकिरी काहीतरी उरतं. त्यात काळा घातला तर सरळ हिरवा होतो. निळ्याचं उलट आहे. अल्ट्रामरीन ट्यूबमधून काढला की जवळपास काळा दिसतो आणि थोडा पांढरा घातल्यावरच त्याचं निळेपण उघडतं. म्हणून पितळेची सावली ‘पिवळा अधिक काळा’ अशी करू नये. उजेडाचा ढीग ऑकर, लेमन यलो आणि पांढऱ्याचा. मधला टोन ऑकर आणि थोड्या बर्न्ट सिएनाचा. सावली अंबर आणि सिएनाची. सर्वांत गडद ढीग अंबर आणि अल्ट्रामरीनचा. उजेडाकडून सावलीकडे जाताना रंग पिवळ्याकडून नारिंगी तपकिरीकडे सरकतो, आणि या सरकण्यामुळेच पितळ पितळ दिसतं.

चमकेबद्दल एक बारकावा, जो फार थोड्या ठिकाणी सांगितला जातो. चिनी मातीच्या बरणीवरची चमक उजेडाच्या रंगाची असते, कारण झिलईवरून उजेड तसाच परावर्तित होतो. धातू मात्र परावर्तित उजेडाला स्वतःचा रंग देतो. म्हणून पितळेच्या चमकेच्या ढिगात पांढऱ्याबरोबर लेमन यलोचा स्पर्श हवा. तांब्याच्या तळाकडे कापडाचं प्रतिबिंब दिसेल. तेही कापडाइतकं निळं नसेल, पितळेने त्यातला निळा बराच गिळलेला असेल. तिथे हिरवट करडा लागतो आणि त्याचा एक छोटा ढीग आधीच करून ठेवावा.

कापडासाठी अल्ट्रामरीन, पांढरा आणि त्याचं तेज दबवायला चिमूटभर बर्न्ट सिएना. सिएना म्हणजे गडद नारिंगीच, त्यामुळे तो निळ्याला करडेपणाकडे नेतो. भिंतीसाठी पांढरा, ऑकर आणि किंचित अल्ट्रामरीन. सगळे मिळून दहा-बारा ढीग होतात.

ढीग करताना

मिसळायचं पॅलेट नाइफनेच. ब्रशने मिसळलं तर केसांच्या मुळाशी न मिसळलेला रंग अडकतो आणि नंतर भलत्याच ठिकाणी बाहेर येतो. रंग पसरायचा, दाबायचा, खरवडून गोळा करायचा, पुन्हा पसरायचा, रेघा दिसेनाशा होईपर्यंत. गडद रंग उजळ ढिगात थोडा थोडा घालायचा. उलट केलं, म्हणजे निळ्या ढिगाला पांढरा घालून उजळ करू लागलात, तर पांढऱ्याची ट्यूब संपते आणि ढीग गरजेच्या चौपट होतो.

पायऱ्या क्रमाने करू नयेत. आधी दोन्ही टोकं मिसळा, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद ढीग. मग मधला. मग उरलेल्या फटी भरा. एका टोकाकडून दुसऱ्याकडे निघालं की पायऱ्या असमान पडतात, आणि बहुधा मधले सगळे टोन एकमेकांना चिकटतात.

पांढरा फक्त उजळ करत नाही, तो रंगाला थंड आणि निस्तेजही करतो. लालात पांढरा घातला की गुलाबी होतो, उजळ लाल होत नाही. उबदार रंग उजळवताना पांढऱ्याबरोबर किंचित पिवळा घातला की ऊब टिकते. आणि तेज कमी करायचं असेल, पण टोन हलू द्यायचा नसेल, तर त्याच टोनचा करडा मिसळा. हाताशी दोन-तीन टोनचे करडे ढीग असले की हे काम सोपं होतं. विरुद्ध रंग घालूनही तेज कमी होतं, पण तेव्हा टोनही बदलतो आणि दोन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात.

ढीग बरोबर आहे का ते बघायला सुरीच्या टोकावर रंग घ्या आणि तुमच्या जागेवरून, एक डोळा मिटून, वस्तूच्या त्या भागाशेजारी धरा. सुरीवर खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर ताडून बघण्यात अर्थ नाही. कागदाला छोटं भोक पाडून त्यातून तो भाग बघितला तर आजूबाजूच्या रंगांचा परिणाम वगळता येतो. हा परिणाम मोठा असतो. तोच करडा निळ्या कापडाशेजारी उबदार दिसतो आणि पितळेशेजारी थंड. याच कारणाने पॅलेटचा रंग कॅनव्हासच्या तळरंगासारखा, म्हणजे चित्राआधी कॅनव्हासवर दिलेल्या पहिल्या थरासारखा, असावा. जुन्या काळी तपकिरी तळावर रंगवणाऱ्यांच्या हाती तपकिरी लाकडी पॅलेट होती, ते सोयीचंच होतं. आता काच घ्या आणि खाली तळरंगाच्या टोनचा करडा किंवा तपकिरी कागद सरकवा. पांढऱ्या पॅलेटवर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो आणि हात आपोआप पांढरा वाढवत राहतो.

किती करायचा? मोठ्या भागाचा रंग सढळ हाताने. आपल्या चित्रात भिंत आणि कापड. चमकेचा ढीग सुपारीएवढाही नको. भिंतीचा रंग मध्येच संपणं हा या पद्धतीतला सर्वांत त्रासदायक प्रसंग, तेव्हा तिथे काटकसर करू नये.

उजेड आणि उत्तरेची खिडकी

पॅलेट आणि कॅनव्हास एकाच उजेडात हवेत. पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला रंग दिवसा भलताच दिसतो. पुस्तकांत उत्तरेची खिडकी सुचवलेली असते, कारण युरोपात तिथून बहुतेक वर्षभर थेट ऊन येत नाही. आपल्याकडे हे पूर्ण खरं नाही. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तो पूर्व-पश्चिमेच्याही उत्तरेला उगवतो, मावळतो. त्या काळात उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येतं. खिडकीला पांढरा पातळ पडदा लावला तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

साठवण

एका बैठकीत चित्र संपत नसेल तर ढीग टिकवावे लागतात. शत्रू ऑक्सिजन आहे, म्हणून ढीग पसरट न ठेवता उंच गोळा करा, हवेला उघडा पृष्ठभाग कमी होतो. वर प्लास्टिकची पातळ फिल्म रंगाला चिकटेल अशी दाबा. थंडीत तेल सावकाश घट्ट होतं, म्हणून पॅलेट बंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवतात. मात्र तैलरंगांतली काही द्रव्यं विषारी असतात, तेव्हा खाण्याच्या पदार्थांजवळ रंग ठेवू नयेत. सगळे ढीग सारखे टिकत नाहीत. अंबरमध्ये मँगनीज असतं आणि ते तेल लवकर वाळवतं, त्यामुळे आपल्या तांब्याच्या सावलीचा ढीग सर्वांत आधी साय धरेल. तो रोज ताजा करणंच बरं. साय आली तर ती उचलून टाका, ढवळू नका.

लवंगेच्या तेलाचा थेंब घातला की रंग कितीतरी जास्त काळ ओला राहतो. मी तो मोजकाच वापरावा असं सांगेन, कारण जास्त झाला तर रंगाचा थर दुबळा होतो. जास्त प्रमाणात लागणारा रंग रिकाम्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये भरून ठेवणं सर्वांत खात्रीचं. ट्यूबमध्ये भरलेला रंग आपल्याला गृहीत वाटतो, पण दाबून रंग काढायची धातूची ट्यूब आली ती १८४१ मध्ये, जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने पेटंट घेतल्यावर. त्याच्या बऱ्याच आधीच्या काळात कार्यशाळांत रंग वाटून तयार करावे लागत आणि त्या दिवशी चित्राचा जो भाग करायचा, त्याला लागणारेच रंग पॅलेटवर येत. दिवसाचं काम आधी ठरवून रंग काढायची सवय त्या चित्रकारांना परिस्थितीनेच लावली होती.

ही पद्धत सगळीकडे लागू करू नका. बाहेर निसर्गचित्र करताना उजेड तासाभरात बदलतो आणि बारा ढीग तयार होईपर्यंत दृश्य निघून गेलेलं असतं. तिथे आकाश, उन्हातली जमीन, सावलीतली जमीन आणि झाडोरा असे चार ढीग पुरेत, बाकीचं ब्रशने. घरातल्या चित्रातही ढीग म्हणजे कुंपण नव्हे. दोन ढिगांच्या मधला रंग ब्रशच्या टोकावर होतच असतो, तसा करावाच. मांडलेले ढीग त्याला दिशा देतात आणि भरकटलो तर परत यायला एक ठरलेली जागा असते.

शेवटी काही रंग उरतोच. उजळ ढीग एकत्र केले तर एक करडा मिळतो, गडद ढीग एकत्र केले तर दुसरा. त्यातला एक टर्पेंटाइनने पातळ करून पुढच्या कॅनव्हासला तळरंग म्हणून पुसून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. पहिला थर वरच्या थरांपेक्षा कमी तेलाचा हवा, म्हणून त्यात आणखी तेल घालू नका. आणि ज्या ढिगात लवंगेचं तेल गेलं आहे तो तळरंगासाठी वापरू नका. तो थर वाळायला फार वेळ घेतो आणि त्याच्यावरचा रंग आधी वाळून तडकतो.